साहू सरांचं विमान

मी ट्रम्पेटला ग्रीस लावलं आणि त्यामुळे एक माणूस विमानात बसायचा राहिला. ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. विषय निघाला की मी पाणी प्यायला आत जात असे. आता घरात विषय काढणारंच कुणी उरलं नाही, आणि एकटा माणूस पाणी तरी किती पिणार? म्हणून सांगून टाकतो.

भिलाईच्या प्लांटमध्ये मी मेंटेनन्सला होतो. फिटर म्हणून लागलो, फोरमन म्हणून निघालो. निरोपाच्या दिवशी मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं (ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्यालाच लोक घड्याळ का देतात, देव जाणे). त्यानंतर मला कुणी कशालाच बोलावेना. घरात पंखा बिघडला तरी मुलगा बाहेरून इलेक्ट्रिशियन आणायचा. मी शिडी धरायचो.

अशात नात मृणालच्या शाळेच्या बँडला सिंगापूरच्या एका शाळेनं बोलावलं. मृणाल ट्रम्पेटवाल्या मुलांची प्रमुख होती. बँड शिकवायचे साहू सर. ते कुम्हारीहून रोज मोटरसायकलनं यायचे. मुलांना विमानात कसं वागायचं हे शिकवण्याची जबाबदारीही सरांवरच आली. अडचण एकच होती. सर स्वतः कधी विमानात बसले नव्हते.

एका संध्याकाळी मृणाल म्हणाली, "आबा, सर को एक बुजुर्ग पैसेंजर चाहिए. तुम्ही चला नं."

"मले का करा लागन तिथं?"

"काही नाही. बसायचं. नींद आई तो सो जाना."

मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. माझी बायको कुसुम दारातून म्हणाली, "विमान जागचं हालणार नाई म्हणते, अन् तुमी सेंट मारून राहिले."

बँडच्या खोलीत सरांनी बाकांच्या दोन रांगा लावून मधे वाट ठेवली होती. मुलांनी आपापल्या कमरेचे पट्टे काढून बाकाला बांधले होते (त्यामुळे उठताना प्रत्येकाचा एक हात पँटीवर). मोठा ढोल वाजला की इंजिन सुरू झालं असं समजायचं. सर पुढे उभे राहून गंभीर आवाजात म्हणाले, "यात्रीगण कृपया ध्यान दें."

"सर, ये तो ट्रेन का है," मृणाल म्हणाली.

"शुरू में सबका यही रहता है," सर म्हणाले आणि ढोलवाल्याला खूण केली.

मला खिडकीची जागा दिली होती. खिडकीतून शाळेची पाण्याची टाकी दिसायची. मुलांनी माझ्याजवळ येऊन "एक्सक्यूज मी" म्हणायचं, माझं सामान वर ठेवायचं, मला पाणी विचारायचं. सर म्हणायचे, "काका, थोड़ा खाँसो. बच्चे सीखेंगे." मी जीव तोडून खोकायचो. माझ्या खोकल्याची इतकी कदर घरात कधीच झाली नव्हती. मग मी रोजच जाऊ लागलो. कुणीतरी आपली वाट पाहतंय म्हटल्यावर माणूस नुसता बसायलासुद्धा धावत जातो.

एकदा मुलं गेल्यावर सर माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसले.

"काका, सच बोलूँ? मेरे को भी बस खिड़की मिल जाए."

"मिलेगी. आप तो मास्टर हो," मी म्हणालो.

"माँ ने पूरे मोहल्ले को बैग दिखा दिया है. खाली बैग. कहती है, मोर बेटा हवाई जहाज मा जाही." आणि सर टाकीकडे असं बघत राहिले, जणू खाली ढग होते.

निघायच्या आदल्या दिवशी शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता. सरांनी सगळे ट्रम्पेट पुसून चकचकीत करायला मृणालकडे दिले. "सिर्फ पोंछना. तेल मैं खुद डालूँगा," असं बजावलं. मृणालनं दिवाणावर चादर पसरून ट्रम्पेट मांडले आणि मला बजावलं, "आबा, हात नका लावू." मग ती आईबरोबर मोजे घ्यायला बाजारात गेली.

मी हात लावला नसता. पण एकाची कळ दाबली, तर ती कुरकुरली. वरचं झाकण फिरवून उघडलं, तर आत पिस्टन! अहो, पिस्टन म्हणजे माझा माणूस! जन्मभर ज्याच्याशी संसार केला तो असा आमच्या दिवाणावर येऊन कुरकुरतोय, आणि मी पाहत बसू? माळ्यावर प्लांटमधल्या ग्रीसचा एक डबा होता (तो घरी कसा आला ते विचारू नका, एका लेखात एकच कबुली पुरे). भट्टीजवळच्या बेअरिंगला लावायचं ते ग्रीस, घट्ट आणि काळं. मी एकेका ट्रम्पेटचे सगळे पिस्टन काढले आणि बोटभर लावून परत बसवले. मन लावून केलं. निरोपाच्या घड्याळानंतर मी पहिल्यांदाच शिट्टी वाजवत होतो.

कार्यक्रमाला पाहुणे आले, मुख्य बाईंचं भाषण झालं, सरांनी हात वर केला. तेल घालायला त्यांना सवड मिळाली नव्हती. सकाळपासून ते खुर्च्या लावत होते. ढोल वाजला, बासऱ्या सुरू झाल्या. ट्रम्पेटवाल्यांनी कळा दाबल्या. कळा खाली गेल्या आणि खालीच राहिल्या. ढोल पुढे गेला, बासऱ्या पुढे गेल्या, आणि ट्रम्पेट "पोंऽऽ" म्हणून एकाच सुरावर अडून बसले. प्रत्येकाचा सूर वेगळा. फाटकाशी अडकलेल्या ट्रकांनी एकदम हॉर्न द्यावेत तसं. पाहुण्यांना ही नवीन पद्धत वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मृणालनं आपली काळी बोटं पाहिली, हुंगली, आणि सरळ प्रेक्षकांत मी बसलो होतो तिकडे पाहिलं.

मी पाणी प्यायला उठलो.

मुख्य बाईंनी मुलांना रांगेत उभं केलं. मी मागे दारात होतो. बाई म्हणाल्या, "किसने किया है ये? जिसने किया, वो कल नहीं जाएगा."

मृणालनं काळी बोटं पाठीमागे लपवली. ट्रम्पेट तिच्याच घरी होते. मी एक पाऊल पुढे टाकलं. मनात आलं, मी बोललो तर म्हणतील, हिच्या घरून झालं, हिलाच काढा. पाऊल मागे घेतलं. एवढ्यात साहू सर म्हणाले, "मैंने लगाया, मैडम. नया तेल समझ के. बच्चों का कुछ नहीं है."

सरांना वाटलं, एखाद्या मुलाच्या हातून झालं असेल. त्या वेळी माझं वय पासष्टच्या पुढे होतं.

सरांनी रॉकेल आणि साबणपाण्यानं सगळे पिस्टन धुऊन दिले. दुसऱ्या दिवशी मुलांबरोबर पीटीचे सर गेले; राखीव म्हणून त्यांचे कागद आधीच तयार होते. विमानतळाच्या गावापर्यंत रेल्वेनं जायचं होतं; स्टेशनवर सामान चढवायला साहू सर आले होते. डब्याच्या दाराशी उभं राहून मुलांना सांगत होते, "बुजुर्ग को पहले पानी पूछना."

घरी कुसुमनं मला धरलं.

"कावून हात लावला? पोरीनं सांगतलं होतं नं?"

"मले वाटलं, मशीन हाय."

"मी बी या घरातली मशीनच हाय. मले तं कदी तेल पायजे का, नाई पुसलं." मग तिनं माझी चप्पल पुढे सरकवली. "जा अन् सरले सांगून या. भल्या मानसाचं विमान गेलं."

"पोरगी वापस येऊ दे."

मृणाल परत आली. मग तिची परीक्षा होती. मग उन्हाळा होता. मग कुसुम आजारी पडली. दवाखान्यातही तिनं विचारलं, "सांगतलं का?" मी म्हणालो, "उद्या जातो." ती म्हणाली, "तुमचा उद्या मोठा लंबा हाय." त्या उद्यापर्यंत ती थांबली नाही. पुढे मुलगा बदलीवर पुण्याला गेला, सून आणि मृणाल त्याच्याबरोबर गेल्या. सरांनीही शाळा सोडल्याचं कळलं.

शेवटी एका रविवारी मी कुम्हारीच्या बसमध्ये बसलो. वाटेत हिंदी जुळवत होतो. "सर, मुझे माफ कर दीजिए," हे नकळत मोठ्यानं निघालं. शेजारचा माणूस पाय आवरून म्हणाला, "कोई बात नहीं, दादाजी." आजवर मला मिळालेली ती एकमेव माफी.

सरांच्या आईनं दार उघडलं. "आवव, बइठव," म्हणाली. आतून सर आले आणि त्यांनी मला मिठीच मारली. ते आता घरीच मुलांना वाद्यं शिकवत होते.

"सर," मी म्हणालो, "वो ट्रम्पेट के बारे में..."

सरांचे डोळे चमकले. "सीखोगे, काका? अरे वाह! माँ, देख, काका सीखने आए हैं!"

म्हातारी टाळ्या वाजवू लागली. मी तोंड उघडलं, आणि त्यातून "हाँ" निघालं.

तेव्हापासून दर रविवारी मी कुम्हारीला जातो. सर म्हणतात, "काका, पेट से फूँको. जो अंदर है, बाहर आने दो." मी सांगण्यासाठी भरपूर श्वास घेतो आणि तो ट्रम्पेटमध्ये फुंकतो. चहा होतो. म्हातारी चण्याची भाजी बांधून देते. आठवडाभरात मी ज्या माणसांशी बोलतो ती ही दोनच. खरं सांगितलं तर सोमवार ते शनिवार मी कशाच्या आशेवर काढू?

मागे मृणालचा फोन आला. "आबा, तुम्ही ट्रम्पेट? सच में?" ती खूप हसली. मग हळूच म्हणाली, "सर को बताया क्या?"

"अजून सूर लागला नाही," मी म्हणालो.

म्हणून आता सगळं सरळ लिहून काढलं. सर, चूक माझी होती, मला माफ करा. छापून आलं की अंक घेऊन रविवारी सरांकडे जाणार आहे. म्हातारीला दाखवीन, सरांच्या हातात देईन. सर मोठ्या कौतुकानं पानं उलटतील आणि विचारतील, "काका, क्या लिखा है?" कारण सरांना मराठी येत नाही, आणि हे मला लिहायला बसण्यापूर्वीच माहीत होतं.