मेणाची डबी आणि वहीतल्या दोन सह्या

आठल्ये सरांना मी प्रथम पाहिले ते आमच्या ठाकुर्लीच्या खोलीच्या दारात. त्यांच्या हातात माझी कुंकवाखालच्या मेणाची डबी होती आणि ती रिकामी होती. सर नौपाड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवीत. माझे यजमान, दत्ताराम शिर्के, त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते.

"वहिनी, तुमची चोरी आमच्याकडे सापडली," सर म्हणाले. "चोर मागे उभा आहे."

हे जिन्यात मान खाली घालून उभे. "अगं, विलायती ग्रीस संपलेलं. नळीची तोटी हवा घेत होती. म्हटलं, चिमूटभर मेण लावावं."

"चिमूटभर? डबी पुसून नेलीत की!" मी म्हणाले. परक्या माणसासमोर बोलून गेले म्हणून मग मलाच संकोच वाटला. सर मात्र खळखळून हसले.

सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून गौरव समितीने मला चार ओळी लिहायला सांगितल्या. "सरांच्या चांगुलपणाच्या आठवणी लिहा. तो जुना वाद नको, शुभप्रसंग आहे," असेही बजावले. मला लिहिण्याची सवय नाही. यजमानांना जाऊन अजून वर्ष झालेले नाही. पण तो वाद वगळून सरांचा चांगुलपणा कसा सांगायचा हे मला कळत नाही. म्हणून तोच लिहिते.

सर काचेच्या नळीतली हवा काढून तिच्यात थोडा आर्गॉन वायू भरीत आणि त्यातून वीज सोडीत. एके दिवशी त्या उजेडात एक निळा रंग दिसला. आर्गॉनमध्ये तो असायला नको होता. दुसऱ्या कोणी शिपायाला बोल लावून नळी धुवायला सांगितली असती. यजमान स्वतःहूनच म्हणाले, "सर, चूक माझी आहे. तोटीला मेण लावलंय." सरांनी ती चूक यजमानांच्या नावासकट वहीत लिहिली आणि सांगितले, "नळी धुऊ नका." मेणात कार्बन आणि हायड्रोजन असतात. त्याची वाफ नळीत शिरली होती.

मग यजमानांनी रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची एक चकती कापली. तिला फटी पाडल्या. भराभर चालूबंद होणारी वीज थांबलेली असेल त्याच क्षणी नळी डोळ्याला दिसावी अशा बेताने ती फिरे. वीज थांबल्यावरही निळा उजेड होताच. पुढे आंबिवलीच्या एका डबक्यातल्या गाळातून बाटल्या पालथ्या धरून वायू आणला. मेणासारखे त्यातही कार्बन आणि हायड्रोजन असतात. त्यातही तोच उजेड दिसला.

सरांनी मला ते आमच्या चुलीपाशी बसून समजावले. "विजेच्या धक्क्यानं रेणूतला एक इलेक्ट्रॉन निघून जातो. उरतो त्याला आयन म्हणतात. वीज थांबली की एखादा इलेक्ट्रॉन त्याला येऊन मिळतो. आपल्याला वाटतं, झालं, पहिल्यासारखं जुळलं. पण जुळताना इतकी ऊर्जा सुटते की रेणूच तुटतो. तुटलेला एखादा तुकडा निळा उजळतो."

"म्हणजे परत आल्यामुळेच मोडतं?" मी विचारले.

"हो वहिनी. दत्ताराम आणि मी तेच पाहिलंय असं मला वाटतं."

त्यांची एक रीत होती. नळीच्या उजेडातले रंग वेगळे करून दाखवणारी एक दुर्बीण होती, तिला दोघे आळीपाळीने डोळा लावीत. एकमेकांशी बोलत नसत. काय दिसले ते प्रत्येकाने वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठ्या जुळल्या तरच वहीत नोंद करायची आणि खाली दोघांनी सही करायची. एकदा सरांनी "दिसले" लिहिले आणि यांनी "दिसले नाही". सरांनी त्या दिवसाचे पान सरळ काट मारून सोडून दिले.

सरांनी यावर निबंध लिहिला. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेतल्या विद्वानांना तो पसंत पडला. त्यांचे टाइप केलेले पत्र आले. निबंध छापण्याजोगा आहे, मात्र शिपायाचे नाव लेखक म्हणून शोभत नाही, ते काढावे, शेवटी आभार मानले तरी पुरे.

"काढा ना सर," यजमान म्हणाले. "मला काय करायचंय नावाचं? छापून तरी येईल."

"वहीत सही कोणाची आहे?"

"माझी. पण..."

"मग झालं तर."

सरांनी निबंध परत मागवला. शिक्षकांच्या खोलीत "मेणाचा शोध" म्हणून हसणारे होते. पुढे परदेशातल्या लोकांनी हीच गोष्ट मांडल्याचे सरांनी वाचले. त्या लोकांवर माझा राग नाही, त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. माझा राग त्या पत्रावर आहे. बाटल्या धुणाऱ्याने पाहिला तर निळा रंग हिरवा होतो काय? आणि त्या वेळी हसलेल्यांपैकी काही जण आज समितीत आहेत, शाल आणणार आहेत. शाल जरूर द्यावी. पण सरांनी काय सोडले आणि कोणामुळे सोडावे लागले हे लपवून देऊ नये.

यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा सर दर रविवारी ठाकुर्लीला येत आणि जुनी वही वाचून दाखवीत. काट मारलेले पान आले की हे म्हणत, "त्या दिवशी खरंच दिसलं नव्हतं हो सर." सर म्हणत, "माहीत आहे."

गेल्या महिन्यात सर पुन्हा दारात उभे राहिले. हातात वही होती.

"नवी नळी बसवली आहे, वहिनी. पण दुसरी सही करायला माणूस नाही."

"शाळेत माणसं आहेत की."

"आहेत. मी दिसलं म्हटलं की त्यांनाही दिसतं. तुम्ही पहिल्याच भेटीत माझ्यासमोर यजमानांना चिमूटभर मेणावरून सुनावलंत. मला तसा माणूस हवा."

मी गेले. चिठ्ठीवर लिहिले, "निळे. अंधुक. एकदाच नीट दिसले." सरांची चिठ्ठी जुळली. यजमानांच्या शेवटच्या सहीनंतरच्या पानावर मी सही केली.

निबंध पुन्हा जाणार आहे आणि त्यावर तीन नावे असतील. पुन्हा कोणी "शोभत नाही" म्हटले तर सर तो पुन्हा परत मागवतील आणि पुन्हा पाठवतील, हे मला ठाऊक आहे. त्याला वर्षे लागतील. म्हणून सरांना ती सगळी वर्षे मिळावीत, डोळे निरोगी राहावेत आणि प्रयोगशाळेचा जिना चढण्याचे बळ पायांत असावे, एवढेच माझे मागणे आहे. वही अजून अर्धी कोरी आहे. मेणाची डबी मी तोटीजवळच ठेवून आले आहे. मला ते मेण आता लागत नाही.