कमावत्याचा रकाना

लग्न होऊन मी पोलादपूरजवळच्या डोंगरवाडीत आले, तेव्हा निम्म्या घरांना कुलपं होती. पुरुष मुंबईला, माझा नवराही तिथेच एका गोदामात. मागे उरलो होतो आम्ही बायका आणि म्हातारी माणसं.

एका उन्हाळ्यात मी आणि माझ्या जावेनं आंबेनळी घाटाच्या रस्त्याकडेला चूल मांडली. पहिल्या दिवशी कुणी थांबलंच नाही, भाकऱ्या आम्हीच खाल्ल्या. मग हळूहळू महाबळेश्वरला जाणारे लोक नाचणीची भाकरी आणि पिठलं खायला गाड्या थांबवू लागले. पीठ पुरेना, म्हणून पावसाळ्यात डोंगरावरच्या पडीक जमिनीत आम्ही नाचणीही लावली.

हात कमी पडायला लागले तेव्हा नवरा गोदाम सोडून आला. त्याच्यामागून दीर आला, मग शेजारचं एक कुटुंब. गेल्या वर्षी जावेला मुलगी झाली. कित्येक वर्षांनी वाडीत बारसं झालं.

यंदा शाळेचे गुरुजी सरकारी नोंदीसाठी घरोघरची माहिती लिहायला आले. ओटीवर बसून त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मुख्य कमावते तुम्हीच ना?"

"नाय गुरुजी, कमावती ही हाय. मी हिच्या हाताखाली हाय. हिचंच नाव लिवा."

गुरुजी हसले आणि माझ्याकडे वळले. मी माझं पूर्ण नाव समोरच्या घराच्या ओटीवर बसलेल्या जावेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. मग म्हटलं, "आता तिच्याकडे जा, गुरुजी. तिथंही दिराचं नाव लिहू नका."