जांभळ्या शिक्क्याची फाइल

मिरजगावच्या आमच्या हायस्कुलात मी हेडक्लार्क. शाळेत सगळे मला भाऊसाहेब म्हणतात आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला मला आवडतं. माझ्या टेबलावरून गेलेला एकही कागद त्रुटी निघून परत आला नाही, ही माझी घमेंड. ती नडली. मला नडली असती तर गोष्ट वेगळी होती. नडली ती दुसऱ्याच माणसाला, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमच्या संस्थेचं मुख्य कार्यालय नगरला. पूर्वी फाइल द्यायची तर मी स्वतः एसटीने जायचो आणि पोच घेऊन यायचो. मग आदेश आला, कागद बंद, यापुढे सगळं स्कॅन करून क्लाउडवर टाका. तिथे प्रत्येक शाळेचा एक फोल्डर. स्टाफरूममध्ये थट्टा सुरू झाली, ‘काय भाऊसाहेब, आमची रजा ढगात पोचली का?’ मी काही हसायचो नाही.

आता आम्हा जुन्या कारकुनांची एक सवय असते. सही निळ्या शाईची पाहिजे आणि गोल शिक्का जांभळा उठला पाहिजे. काळा दिसला की समोरचा म्हणणार, ही झेरॉक्स आहे, ओरिजिनल आणा. या धास्तीत माझी अर्धी नोकरी गेली. म्हणून स्कॅनरवरही मी प्रत्येक पान रंगीत आणि सगळ्यात भारी क्वालिटीत काढायचो. शिक्का असा दिसायचा की वाटावं, बोट लावलं तर शाई लागेल! त्याने फाइल केवढी अवजड होते, वर चढायला किती तास घेते, याचा मला पत्ताच नव्हता. फाइल रखडली की मी नेटवाल्यांच्या नावाने खडे फोडायचो आणि चहा मागवायचो.

आमच्याकडे इंग्रजी शिकवायला एक बाई होत्या, भिंगारच्या, ख्रिस्ती घरातल्या. तिकडे त्यांची आई एकटी. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेलेली, दिवसा शेजारीण बघायची. शनिवारी शाळा सुटली की बाई धावत स्टँड गाठायच्या आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत यायच्या. अशी तीन वर्षं काढली त्यांनी. मग भिंगारजवळच्या आमच्या शाखेत एक जागा निघाली आणि संस्थेने विनंती बदलीचे अर्ज मागवले. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत फाइल फोल्डरमध्ये पाहिजे, पाचनंतर फोल्डर बंद.

बाईंनी कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. ‘भाऊसाहेब, एवढं काम करा. रात्री आई एकटी असते हो. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलता येत नाही तिला.’

‘बाई, तुम्ही निर्धास्त राहा,’ मी म्हणालो. ‘माझ्या हातचा कागद आजवर परत आलेला नाही.’

शुक्रवारी सकाळी मी सगळं स्कॅन केलं. अर्ज, आईचे डॉक्टरी दाखले, अख्खं सेवापुस्तक. त्याची कोरी पानंसुद्धा सोडली नाहीत, उद्या कुणी म्हणायला नको की पान गाळलं. अकराला फाइल चढवायला लावली. दुपारच्या सुट्टीत बघतो तर चाळीस टक्के. मी डबा उघडला नाही, तिथेच बसून राहिलो. साडेचारला एक्क्याण्णव टक्के झाले आणि आकडा हलेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी एक्क्याण्णवच. माझं डोकं तापायला लागलं.

आमचे शिपाईमामा दारात उभे होते. ते म्हणाले, ‘भाऊसायेब, ऱ्हाऊ द्या. जातीय हळूहळू.’

‘मामा, तुम्ही घंटा वाजवा,’ मी खेकसलो. ‘कॉम्प्युटर मला शिकवू नका.’

आणि मी ती फाइल रद्द केली. वायर उपटली, परत खोचली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शून्य टक्के. पाच वाजता सात टक्के झाले होते. मग फोल्डर बंद झाला.

बाई शेवटचा तास संपवून आल्या. हाताला खडू तसाच. ‘गेली?’

‘नेटने घात केला, बाई,’ मी म्हणालो.

त्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, ‘तुम्ही तरी काय करणार! दिवसभर जेवलाही नाहीत.’ मामांनी माझ्याकडे पाहिलं, चहाचे कप उचलले आणि निघून गेले.

सोमवारी मी तावातावाने मुख्य कार्यालयाला पत्र लिहायला बसलो. नेटअभावी कर्मचाऱ्यांवर अन्याय होतो वगैरे. पत्राला संदर्भ क्रमांक पाहिजे, म्हणून परिपत्रकांची फाइल काढली. त्यात क्लाउडच्या आदेशाचं परिपत्रक होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की कागद कृष्णधवल स्कॅन करावेत, फाइल लहान करावी, रंगीत स्कॅन केल्यास फाइल चढायला फार वेळ लागतो. खाली आवक क्रमांक माझ्या हातचा. त्याखाली ‘वाचले’ असा शेरा आणि माझी सही, निळ्या शाईत.

पत्र फाडून टाकलं. बदल्यांची यादी लागायला अजून आठ दिवस होते. तेवढ्यात नगरला एक फोन केला असता, साहेब, चूक माझी आहे, बाईंची फाइल घ्या, तर कदाचित घेतलीही असती. फोन दोनदा हातात घेतला. मग वाटलं, इतक्या वर्षांची आपली अब्रू, ते काय म्हणतील? आणि ठेवून दिला. आज लाज वाटते ती त्या ठेवलेल्या फोनची सगळ्यात जास्त. यादीत बाईंचं नाव नव्हतं.

नाताळची सुट्टी संपली तेव्हा बाई डबा घेऊन आल्या. करंज्या आणि घरचा केक. ‘आईने निरोप दिलाय,’ त्या म्हणाल्या. ‘ते भाऊसाहेब तुझ्यासाठी उपाशी बसले होते, त्यांना आधी दे म्हणाली.’ आता नाही कसं म्हणणार? बाई समोर उभ्या. खाल्ली मी करंजी, आणि छान झालीय असंही म्हणालो. काय निर्लज्ज माणूस मी!

पुढच्या जुलैत बाईंची आई गेली. रात्री कधी गेली ते कुणालाच कळलं नाही. सकाळी शेजारणीने दार उघडलं तेव्हा तांब्या जमिनीवर कलंडलेला होता. हे बाईंनी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा मीही तिथेच होतो.

यंदा पुन्हा बदल्यांचे फॉर्म निघाले. प्रत्येकाने भरून द्यायचे, बदली हवी की नको. बाईंनी ‘नको’वर खूण केली आणि माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मी तो कागद कृष्णधवल स्कॅन केला, लहान केला आणि बटण दाबलं. बाईंना पिशवी खांद्यावर घ्यायलाही वेळ मिळाला नाही, स्क्रीनवर हिरवी खूण आली.

‘गेली?’ त्यांनी विचारलं.

‘गेली.’

‘एवढ्यात?’

मामा दारात उभे होते. परिपत्रकाची फाइल माझ्या मागच्या कपाटातच होती. तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

‘आज नेट बरं आहे, बाई,’ मी म्हणालो.

बाई त्या हिरव्या खुणेकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे बघितलं. ‘थँक यू, भाऊसाहेब,’ म्हणाल्या आणि तासाला गेल्या.