क्रेफिश म्हणजे मासा नव्हे

मी मुळातच भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस करंगळीएवढा आणि गुलाबी आहे. कोळंबी. मी मालवणकडची, कोळंबीवरच वाढलेली, आणि आज दुकानात मासळीच्या काउंटरसमोरून जाताना मुलीचा हात घट्ट धरते.

मुलगी चार वर्षांची असताना आम्ही इथे परदेशात, आयसेलिनला एका काकूंकडे जेवायला गेलो होतो. तिने कोळंबीभाताचे चार घास खाल्ले आणि दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, आवाज बसला, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायला लागली. त्या दिवशी ती वाचली. डॉक्टरांनी बजावलं, कोळंबी, खेकडा, शेवंड, असलं कवचवालं काहीही कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये. साधे मासे चालतील. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये अशा वेळी मांडीत टोचायचं इंजेक्शनचं पेन असतं.

सुरुवातीला मी सगळ्यांना खरं सांगायची. उपयोग शून्य. एक काकू म्हणाल्या, "अगं, थोडं थोडं देत जा, सवय होते." दुसऱ्या एकीने रश्शातून कोळंब्या वेचून काढल्या आणि उरलेला रस्सा प्रेमाने मुलीच्या भातावर घालायला निघाली. मी वाटी हिसकावून घेतली, तर मीच आगाऊ ठरले. शेवटी कंटाळून एका घरी म्हणून टाकलं, "आम्ही व्हेज आहोत. धर्माचं आहे." आणि काय आश्चर्य, सगळे गप्प! आजाराशी माणसं हुज्जत घालतात, देवाशी घालत नाहीत. शाळेच्या फॉर्मवर खरं लिहिलं होतं, पण बाकी जगासाठी आम्ही हर्नडन गावातलं कडक शाकाहारी कुटुंब झालो. मुलीला ते पटायचं नाही. "बट आई, वी ईट फिश," ती म्हणायची. "हो, पण बाहेर सांगायचं नाही," मी डोळे वटारून म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारी कॅमेरूनची एक बाई राहायला आली. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, स्कूल बस चालवणारी, हसली की दोन घरं पलीकडे ऐकू जाईल अशी. ती मला 'सिस्टर' म्हणायची, माझी मुलगी तिला 'आंटी'. पहिल्याच आठवड्यात ती गरम पफ-पफ घेऊन आली, म्हणजे मैद्याचे आंबवून तळलेले गोळे. मी दारातच विचारलं, "व्हेज आहे ना? आमच्या धर्मात चालत नाही." तिने छातीवर हात ठेवून सांगितलं की पीठ, साखर आणि तेल, बाकी काही नाही.

मग येणं-जाणं वाढलं. तिच्या ओट्यापाशी मला परकं असं वाटायचंच नाही. चवळी वाटून, लाल पाम तेल घालून, केळीच्या पानात बांधून ती कोकी वाफवायची, ती मला आपल्या पानगीची चुलतबहीण वाटायची. अळकुड्या उकडून कुटायच्या, त्या गोळ्याला मधे आळं करायचं आणि त्यात पिवळं सूप ओतायचं, याला ती आचू म्हणायची. आम्ही भाताच्या आळ्यात वरण ओततो ते मी तिला दाखवलं तेव्हा तिने टाळीच दिली. तिच्या देशात म्हणे दर शंभर मैलांवर भांड्यातलं बदलतं. डोंगराकडचे आचूसाठी जीव टाकतात, किनाऱ्याकडचे न्दोलेसाठी, जंगलाकडचे एरूच्या पाल्यासाठी, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं जेवण म्हणजे आजाऱ्याचं पथ्य वाटतं. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे कोकण आणि घाट याच मुद्द्यावर शतकानुशतकं भांडताहेत. हसायचो आम्ही. पण मुलीने तिथे घास उचलला की मी तिच्या ओठांकडे बघत बसायची. दहा मिनिटं होईपर्यंत मला बोललेलं काही ऐकू यायचं नाही.

या वसंतात तिला नात झाली. त्यांच्यात बाळाचं कौतुक करायला सगळे जमतात, त्याला 'बॉर्न हाउस' म्हणतात. आपलं बारसंच ते. माझा नवरा तेव्हा पुण्याला गेला होता, म्हणून शनिवारी दुपारी मी आणि मुलगी दोघीच गेलो. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. बायकांनी घरून पातेली आणली होती आणि जेवणाचं टेबल वाकलं होतं: काळ्या मसाल्यातला मासा, धुरावर वाळवलेलं मटण, मक्याच्या पिठाचा पांढरा फुफू, दोऱ्याने बांधलेल्या कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, कांड्या. मला बघून शेजारीण अभिमानाने पुढे झाली आणि कोपऱ्यातल्या निळ्या झाकणाच्या भांड्यापाशी घेऊन गेली. "हे तुमचं," ती म्हणाली. "न्दोले. मटण नाही, श्रिम्प नाही, मासा नाही. नवीन पातेलं, नवीन डाव. कोणाला हात लावू दिलेला नाही."

न्दोले म्हणजे कडू पाला धुऊन धुऊन, शेंगदाणे वाटून केलेली भाजी. तिने झाकण उचललं आणि अगदी ओळखीचा वास आला. पालेभाजी, दाण्याचं कूट, आणि त्याखाली आणखी काहीतरी, घरचं, लहानपणचं. इतक्या दूर, इतक्या परक्या बायकांत मला आजोळच्या पडवीत बसल्यासारखं वाटलं. मीच मुलीला वाढलं. मीच म्हटलं, "खा गं, छान लागतं."

ती खात होती आणि मी त्या वासाचा माग काढत होते. नाव अगदी ओठांवर होतं.

"आई," मुलगी म्हणाली, "माय टंग इज इची."

आणि नाव आठवलं. सुकट. उन्हात वाळवलेली बारीक कोळंबी. पाच वर्षं मी तिला घरात येऊ दिली नव्हती, म्हणून माझं कोकणी नाकही तिला विसरलं होतं.

मुलीच्या गळ्यावर लाल गांधी उठायला लागल्या होत्या. पर्स? पर्स आतल्या खोलीत, पाहुण्यांच्या कोटांच्या ढिगाखाली. मी कोट फेकत सुटले, कोणाचे कुठे पडले माहीत नाही. परत आले तेव्हा ती खुर्चीत पुढे वाकली होती आणि तिचा आवाज म्हाताऱ्या बाईसारखा येत होता. पेन मी शंभरदा मनात वापरलं होतं. प्रत्यक्षात टोपण निघेना. कसंबसं ते तिच्या मांडीवर, पँटवरूनच, दाबून धरलं आणि मोजत राहिले, पण तीनच्या पुढे कोणता आकडा येतो हे मला आठवेना.

कोणीतरी नाइन वन वन फिरवला. शेजारीण सगळ्यांना मागे सारत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पण ते व्हेज आहे! मी स्वतः केलंय!"

"काय काय घातलंस?" मी ओरडले.

"पाला, पीनट, कांदा, आलं, लसूण, तेल, थोडा क्रेफिश."

"क्रेफिश!" म्हणजे त्यांची सुकटच.

"त्याची पूड गं. चवीपुरती." ती खरंच गोंधळली होती. "क्रेफिश म्हणजे मासा नव्हे. तो आम्ही सगळ्यातच घालतो. मिठासारखा."

तेवढ्यात ॲम्ब्युलन्सची माणसं आली. मुलीच्या तोंडावर मास्क लावता लावता एकाने विचारलं, "कशाची ॲलर्जी आहे? आधी माहीत होतं?" खोलीभर बायका, मधे बाळ रडतंय, आणि शेजारीण माझ्याकडे बघतेय.

"शेलफिश," मी म्हणाले. "पाच वर्षांपासून."

शेजारणीचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला नाही. पाहायची हिंमत नव्हती.

हॉस्पिटलमध्ये दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं. मग श्वास हळूहळू मोकळा झाला, ओठ ओसरले, ती झोपली. डॉक्टर म्हणाली, रिॲक्शन पुन्हा उलटू शकते, काही तास इथेच थांबा. मी तिच्या छातीवर नजर लावून बसले. वर, खाली. वर, खाली. मधे पडदा हलला तरी पाचावर धारण बसत होती. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते, आणि त्या भीतीत लाजही मिसळलेली होती, ती जास्त जाळत होती.

संध्याकाळच्या आत शेजारीण आली. समारंभाचा लांब फुलाफुलांचा झगा तसाच अंगावर, नात आणि पाहुणे घरी सोडून. पलंगापाशी उभी राहून तिने आधी मुलीच्या कपाळावर हात ठेवला. मग खुर्चीत बसली.

मी म्हणाले, "मी खोटं बोलले. आम्ही व्हेज नाही. आम्ही मासे खातो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आपल्या मधे एकच भिंत आहे, सिस्टर. दर रविवारी तुझ्याकडे मासा तळला जातो. दोन वर्षं वास येतोय मला."

मी मुलीची चादर नीट करत राहिले.

"मला वाटलं, देवाला मटण चालत नसेल आणि मासा तू गुपचूप खात असशील. असतात अशी माणसं. मी कशाला विचारू? म्हणून मटण काढलं, श्रिम्प काढले, तुझ्या शब्दाचा मान म्हणून मासाही काढला. पण जी मासा खाते तिला चिमूटभर क्रेफिशने काय होणार, असं वाटलं मला."

म्हणजे ज्या खोट्याच्या आडोशाला मी माझं पोर दोन वर्षं बसवलं होतं, ते पहिल्याच रविवारी उघडं पडलेलं होतं. पफ-पफ, कोकी, तळलेली केळी यांनी काही झालं नाही ते केवळ नशीब. मी "सॉरी, सॉरी" म्हणत रडायला लागले.

तिने मला जवळ घेतलं नाही. रागावली होती ती, आणि तिचा राग खरा होता.

"तुझ्या देवासाठी मी मटण काढलं," ती म्हणाली. "हिच्यासाठी मी माझं अख्खं स्वयंपाकघर धुऊन काढलं असतं. तू मला देवाचं सांगितलंस. लेकीचं का नाही सांगितलंस?"

मुलगी झोपेत कुशीवर वळली, तेव्हा आम्ही दोघी एकदमच उठलो आणि ती श्वास घेतेय ना ते बघत उभ्या राहिलो.