दुपारी न लागणारा फोन

"सर, सकाळी फोन लय छान लागतो. दुपारी लागत न्हाई."

उपकेंद्राच्या कांबळे सिस्टर तिसऱ्यांदा तेच सांगत होत्या. मी तिसऱ्यांदा वहीत लिहून घेत होतो.

राणीसावरगावच्या पुढे, टेकडीच्या आड हे गाव. टॉवर पलीकडे. म्हणून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीला आम्ही एक पॅनल बसवलं होतं. मोबाइलच्या लहरी परतवणारा आरसाच म्हणा. त्यावर शेकडो छोटे चौकोन. प्रत्येकाचं व्होल्टेज बदललं की लहरी हव्या त्या दिशेला वळतात. आरसा न हलवता कवडसा फिरवायचा. डिझाइन माझंच होतं.

पुण्याहून मॅनेजरचा फोन आला तो सकाळी, म्हणून लागला.

"ॲव्हरेज सिग्नल किती?"

"ॲव्हरेज ठीक आहे, पण..."

"मग साइट क्लोज करा."

मीही कंटाळलो होतो. सामान आवरायला लागलो. सिस्टर दारातच उभ्या होत्या.

"पॅनल बसायच्या आधी एक बाळंतीण आली होती. भर दुपारी. ॲम्ब्युलन्सला फोन लावायला तिचा नवरा टेकडी चढून गेला. बाई वाचली. लेकरू न्हाई. आता पॅनल हाय, तरी दुपारी टेकडीच चढायची का?"

मी बॅग खाली ठेवली.

दुपारी मीटर घेऊन वर गेलो. पॅनलला हात लावला आणि चटका बसला. तिथंच कळलं. लॅबमध्ये एसी असतो. इथं चौकोनांतले पार्ट तापत होते आणि व्होल्टेज तेच असूनही वेगळं वागत होते. गावाकडे वळायच्या लहरी तुरीच्या रानात पडत होत्या.

चार दिवस तेच केलं. दर तासाला तापमान मोजायचं, सिग्नल गावावर आणायचा, व्होल्टेज लिहायचं. शेवटी पॅनलला सेन्सर जोडला. ऊन वाढलं की सेटिंग आपोआप बदलायचं.

"हे डिझाइन करताना का नाही दिसलं?" मॅनेजरनं विचारलं.

"मी बघितलं नाही," मी म्हणालो.

महिन्याभरानं दुपारी जेवत असताना सिस्टरांचा फोन आला.

"सर, ॲम्ब्युलन्स पहिल्याच फोनला आली. पेशंट गंगाखेडला पोचली. मुलगी झाली."

त्या दिवसापासून प्रत्येक पॅनल मी आधी उन्हात तापवून बघतो. वेळ जास्त लागतो. मॅनेजर कुरकुरतात.