कामठीचा रकाना

त्या यंत्राचा वास मला पहिल्या दिवसापासून खटकला. तापलेलं प्लॅस्टिक आणि शिलाई मशीनचं तेल यांची ती सरमिसळ संत्रा बागायतदारांच्या आमच्या लहानशा कार्यालयाचं दार उघडताच अंगावर येई.

सात वर्षं मी रोज संध्याकाळी तिथल्या रेडिओसमोर बसून हवामानाचं वार्तापत्र उतरवून घेत असे. गावोगावचा पाऊस, तापमान. मागचे आकडे पाहायला बागायतदार येत, तेव्हा माझीच नोंदवही उघडली जाई. मग ऐंशी सालानंतरच्या एका जूनमध्ये आमच्या मेकॅनिकने गजराच्या घड्याळाच्या चावीला दोरा बांधला. गजर झाला की चावी फिरे, दोरा ताणला जाऊन खटका पडे, आणि रेडिओ व टेपरेकॉर्डर एकदम जागे होत. वार्तापत्र आपोआप कॅसेटवर उतरे.

साहेब म्हणाले, "महिनाभर वही आणि कॅसेट, दोन्ही चालू द्या. कॅसेट भरवशाची निघाली, तर तुम्हाला उमरेडला पाठवता येईल. तिथल्या शाखेत माणूस हवाच आहे."

उमरेड म्हणजे रोज दोन वेळा एसटी. घरी आई अंथरुणाला खिळलेली.

म्हणून मी यंत्राची चूक शोधू लागले. रोज सकाळी ती तपकिरी फीत ऐकताना वहीवर बोट ठेवून बसे. सगळं जुळे, आणि जुळण्याचाच मला संशय येई. हा मेकॅनिक माझी वही पाहून मागाहून फितीत काही फेरफार करतो की काय, असंही मनात येऊन गेलं.

"काहून एवढा कान लावून राहिल्या बाई?" तो हसून म्हणे. "त्याच्या पोटात कोनी मानूस नाही बसला."

"म्हणूनच लावते आहे."

महिना संपत आला असताना एका संध्याकाळी विजा कडाडल्या. दुसऱ्या सकाळी फितीवर कामठीचं नाव आलं आणि पुढे नुसती खरखर. जणू तापल्या तव्यावर कोणी मूठभर मीठ टाकलं होतं.

"बघा! कामठी गिळली तुमच्या यंत्राने. माझ्या वहीत आहे, नऊ मिलिमीटर."

त्याने वहीकडे पाहिलं, मग रेडिओकडे. "रेडिओ तं दोघायचा एकच होता बाई. थे खरखर तुमाले नाही आली?"

आली होती. पण आमच्याकडे रकाना रिकामा ठेवायची पद्धत नव्हती. रिकामा रकाना म्हणजे कामचुकारपणा. आकडा बुडाला, की शेजारच्या गावांच्या पावसावरून, खिडकीतल्या ओल्या गारव्यावरून मी एक आकडा बेतून लिही. इतक्या सहज, की तो आपण ऐकलाच नव्हता, हेही पुढे विसरून जाई.

मी मागची पानं उलटली. तीच निळी शाई, तीच तिरकी अक्षरं. कुठला आकडा ऐकलेला आणि कुठला बेतलेला, हे मलाही सांगता येईना.

तो हळूच म्हणाला, "म्या कॅसेट पुसून टाकतो, यंत्रच बिघडलं म्हनू. साहेबाले काय समजते? घरी माय बिमार हाये तुमची."

माझी नजर बराच वेळ त्याच्या बोटाखालच्या बटणावर होती. मग मी नऊवर काट मारली आणि वही, कॅसेट दोन्ही घेऊन साहेबांच्या टेबलाशी गेले.

"हा आकडा का खोडला?" साहेबांनी विचारलं.

"ऐकू आलं नाही."

"आणि आधीचे?"

मी मागची पानं उघडून वही त्यांच्यापुढे सरकवली.

सोमवारी सकाळच्या एसटीने उमरेडला गेले. शाखेतली पावसाची वही पुढ्यात आली. शेवटपर्यंत चाळली; एकही रकाना रिकामा नव्हता.