चकतीमागचं बूच

हे मी आजवर कुणाकडेही बोललेलो नाही. भावाकडे नाही, मित्रांकडे नाही, आणि जिच्याकडे सगळ्यात आधी बोलायला हवं होतं तिच्याकडे तर नाहीच. तुमच्याकडे का बोलतोय, तेही नीटसं कळत नाही. तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही, म्हणून असेल कदाचित.

तर — आम्ही नवरा-बायको सुऱ्या करतो. गोखिवऱ्याला एक छोटा गाळा आहे. कंपनीतली नोकरी सुटल्यावर हा उद्योग मी काढला. म्हणजे काढला मी आणि चालवला शुभदाने, हे लोक म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो. पाती घासायचं काम तिचं. मोटरवर ॲल्युमिनियमची सपाट चकती गरगरते, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवलेला असतो, त्याला पातं टेकवून सपाट करायचं. ऐकायला सोपं आहे. शुभदाने घासलेल्या पात्यावर पट्टी धरली तर मधून उजेड दिसत नसे. मुठी बसवायचं काम माझं. गिऱ्हाईक पात्यावरून बोट फिरवायचं आणि विचारायचं, हे कुणी केलं? मुठीबद्दल कुणी काही विचारत नसे.

मला हेवा वाटत होता का? इथेच माझा गोंधळ सुरू होतो. वाटत नव्हता, असं मी शपथेवर सांगेन. आणि लगेच मनात येतं — मग शपथ कशाला लागतेय?

मी फोनवर व्हिडिओ बघायला लागलो. पेपरच्या पाठीला, म्हणजे पेपर आणि चकती यांच्या मध्ये, काय लावावं यावर केवढी माणसं डोकं खाजवत बसलीत, काय सांगू. कुणी चामडं लावतं, कुणी रबर, कुणी बूच — बाटलीला असतं तेच, त्याचा पातळ तक्ता मिळतो. पाठ मऊ असली की ओरखडे कमी दिसतात आणि पात्याला रेशमासारखी झाक येते. मी शुभदाला म्हटलं, बूच लावून बघू या.

"नको," ती म्हणाली. "सपाट हवं तर पाठ कडकच पाहिजे. मऊ असली की पेपर दबतो आणि कडा खातो."

बरोबरच होतं तिचं. पण हे तिने मान वरही न करता सांगितलं, आणि ते मला लागलं. एवढ्याशा गोष्टीचं काय लागायचं? पण लागलं.

खंडेनवमीला आमची यंत्रं बंद असतात. शुभदाने मोटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि ती वसईला माहेरी गेली. तिच्या माहेरी केळीची, पानवेलींची वाडी आहे. पूजेत मांडलेल्या अवजाराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा त्या घरचा नियम, आणि लग्नानंतरही तिने तो कधी मोडला नाही. दुपारी मी गाळ्यावर गेलो. हार काढून बाजूला ठेवला, जुना पेपर सोलला, चकतीला बूच चिकटवलं, वर नवा पेपर लावला आणि हार होता तसा परत घातला. पेपर बदलायचं काम एरवीही माझंच, त्यामुळे तिला संशय यायचं कारण नव्हतं. चमकणारी पाती बघून ती खूश होईल, मग सांगू, असा माझा बेत होता. निदान मला तो तसा आठवतो.

दसरा झाला, काम सुरू झालं. पाती देखणी दिसत होती. पण मुठी बसेनात. मुठीखालच्या पोलादाच्या कडा किंचित गोल व्हायच्या आणि केसाएवढी फट राहायची.

"हाताला वेगळंच लागतंय," शुभदा म्हणाली. "तुम्ही चकतीला काही केलंत का?"

मी नाही म्हणालो.

का? पूजेतला हार उचलला हे सांगावं लागलं असतं म्हणून? की ती बरोबर ठरली असती म्हणून? मला खरंच माहीत नाही. तोंडातून नाही निघून गेलं, आणि मग मी ते निस्तरत बसलो.

काही दिवसांनी राजोडीची मासळीवाली मावशी सुरी परत घेऊन आली. "मुठीत पानी जातं बाय, वास मारते." शुभदाने तिची माफी मागितली. मावशी गेल्यावर ती बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली. तेव्हा मी — सांगतानासुद्धा लाज वाटते — मी म्हणालो, "तुझा हात हलतो हल्ली. मी बघतोय."

तिच्या वडिलांना कंपवात होता. केळीचे घड एकट्याने उतरवणारा माणूस, शेवटी शर्टाचं बटण लावायला मुलीला हाक मारायचा. हे मला माहीत होतं. बोलताना आठवलं नव्हतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय, की आता कुठलंही उत्तर खरं वाटतं.

डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही, लक्ष ठेवा. तिला फक्त लक्ष ठेवा एवढंच ऐकू आलं. सकाळी ती हात पुढे पसरून त्यावर कागद ठेवायची आणि तो हलतो का बघायची. कागद कुणाच्याही हातावर थोडा हलतोच. तिने घासणं सोडलं, घरी बसून पॅकिंग करायला लागली. मग मी बूच काढून टाकलं. आधी नाही — मग. पेपर पुन्हा थेट चकतीवर चिकटवून मीच घासू लागलो. पाती सपाट यायला लागली. तिच्याइतकी नाही, पण मुठी बसतील एवढी. एक पातं हातात घेऊन ती म्हणाली, "बसला की तुमचा हात." तिला आनंद झाला होता, माझ्यासाठी.

याला काही वर्षं झाली. तिचा हात कधीच थरथरला नाही. तिला काहीही झालेलं नाही, हे फक्त मला ठाऊक आहे. भीती मात्र खरी आहे, आणि ती मी घातलेली आहे.

गेल्या महिन्यात तिच्या भाचीला मुलगी झाली. आम्ही बघायला गेलो. भाचीने बाळ पुढे केलं, म्हणाली, "आत्या, घे ना." शुभदाने दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले.

"नको गं," ती म्हणाली. "माझ्या हाताचा भरवसा नाही. यांच्याकडे दे."

बाळ माझ्याकडे आलं. शुभदा शेजारून वाकून बघत होती, मान सांभाळा म्हणत होती. मी मान सांभाळली.